‘पाऊण’, ‘दीड’, ‘नेहमीचंच’: फराळाच्या ऑर्डरी एआयकडून एक्सेलमध्ये नीट लावून घेता येतात का?

चकलीचा सोऱ्या | २६ सप्टेंबर, रात्री १०.४०

नमस्कार. आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे उत्तर त्या बेताने देता येईल. राहायला कोथरूड, वय ६१. ३२ वर्षं एका शाळेच्या कचेरीत हजेरीपट, फीची रजिस्टरं आणि पगारपत्रकं सांभाळली. निवृत्त झाल्यापासून दिवाळीचा फराळ करून देते. दोन मदतनीस बायका आहेत, मोठी कढई आहे, भाजणी घरची. पदार्थ ९: चकली, कडबोळी, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, बेसन लाडू आणि रवा लाडू हे किलोवर, करंज्या आणि अनारसे नगावर.

ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. घटस्थापनेपासून सुरू होतात आणि वसुबारसेपर्यंत थांबत नाहीत. त्या कशा येतात त्याचे नमुने देते, कारण खरी अडचण तिथेच आहे.

‘काकू, चिवडा दीड, चकली पाऊण, करंज्या २ डझन.’
‘सगळं अर्धा अर्धा, अनारसे नकोत.’
‘शेव दोन पाव, बाकी तुमच्या मनाने.’
‘नेहमीचंच. फक्त लाडू वगळा, ह्यांना साखर निघालीय.’

अर्धे निरोप रोमन लिपीतल्या मराठीत. एक बाई तर बोलूनच पाठवतात आणि मागे कुकरच्या शिट्ट्या.

माझ्या भाच्याने यंदा एक्सेलची शीट करून दिली. ओळीत माणसं, रकान्यांत पदार्थ. पैसे आले की पिवळा रंग, अर्धे आले की गुलाबी. दिसते छान. पण काल चकलीच्या रकान्याखाली बेरीज आली ४५,७१६.५ किलो. आमचा गिरणीवाला पीठ दळायला पाच किलोच्या वर असलं की ‘ठेवून जा, उद्या या’ म्हणतो.

म्हणून भाच्याच्या सांगण्यावरून फोनवरच्या एका फुकटच्या एआयला ४० निरोप चिकटवले आणि म्हटलं, तक्ता कर. अर्ध्या मिनिटात तक्ता हजर! ठळक मथळे, खाली बेरजा, उजवीकडे बेरजा. मी खूश. पण हाताची सवय जात नाही. नगाचे दोन रकाने सोडून त्याने लिहिलेल्या खालच्या (उभ्या) बेरजा मिळवल्या आणि उजवीकडच्या (आडव्या) मिळवल्या. एकीकडे ७१.२५, दुसरीकडे ६८.५. मग ओळी मोजल्या, तर ३८. दोन माणसं कुठे गेली, पत्ता नाही. त्यात एक माझी सख्खी नणंद. तिचाच फराळ चुकला असता तर पुढची दिवाळी काही खरी नव्हती.

प्रश्न असा की हे काम त्याच्याकडून भरवशाने करून घेण्याची काही रीत आहे का, की माझी वहीच बरी? आणि ते ४५ हजारांचं प्रकरण काय आहे? भाचा म्हणतो ‘मावशी, काहीतरी फॉरमॅटिंग असेल.’ सगळ्याला फॉरमॅटिंगच म्हणतो तो.

फेज टू | २७ सप्टेंबर, सकाळी ८.१५

काकू, हिंजवडीच्या बसमध्ये बसून लिहितोय, वाकड पुलापर्यंत वेळच वेळ आहे.

४५ हजारांचं आधी. भाच्याने किंवा तुम्ही चकलीच्या रकान्यात कुठेतरी अर्ध्या किलोसाठी १/२ असं टाइप केलंय. एक्सेलला ते अर्धं वाटत नाही, तारीख वाटते: १ फेब्रुवारी. आणि एक्सेल पोटात तारीख म्हणजे नुसता दिवसांचा आकडा ठेवतं, १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून. वर्ष लिहिलेलं नाही म्हणून ते यंदाचं धरतं; त्या हिशोबाने १ फेब्रुवारी २०२५ म्हणजे ४५६८९. तुमच्या बेरजेतून तेवढे वजा करा, उरतात २७.५. त्यात तो हरवलेला अर्धा मिळवा, चकली २८ किलो. (गंमत म्हणजे एक्सेल १९०० हे लीप वर्ष धरतं, जे ते नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममधली चूक जुळवून घेण्यासाठी मुद्दाम तशीच ठेवली आणि ती आजही आहे.) पाव किलोसाठी कोणी १/४ लिहिलं असेल तर तो १ एप्रिल झाला असेल. रकाना तारखेचा दिसत असता तर लक्षात आलं असतं, पण कोणीतरी सगळ्या रकान्याला आकड्याचं रूप दिलं, म्हणून लपलं. म्हणजे भाचा तसा बरोबर आहे.

उपाय: किलो विसरा, ग्रॅम लिहा. २५०, ५००, ७५०. अपूर्णांकच नको.

आता एआयचं. तुम्ही त्याला एका वेळी तीन कामं दिलीत: निरोप वाचणं, तक्ता मांडणं, बेरीज करणं. पहिल्यात तो हुशार आहे. तिसऱ्यात त्याच्यावर अजिबात विसंबू नका. तो आकडे मोजत नसतो, पुढे कोणता शब्द शोभेल ते लिहीत असतो, म्हणून बेरीज बरोबर असल्यासारखी *दिसते*. काही एआय मागे छोटा प्रोग्रॅम चालवून खरंच हिशोब करतात, पण त्याने तसं केलं की नाही हे तुम्हाला दर वेळी बघावं लागेल. त्यापेक्षा बेरीज एक्सेलकडेच ठेवा. आणि लांब यादी दिली की मधल्या ओळी गाळणं हा त्याचा जुना रोग. २०-२० निरोपांचे गठ्ठे करा, प्रत्येकाला क्रमांक घाला.

मांडणीही बदला. एका माणसाची एक ओळ नको. एका माणसाच्या एका पदार्थाची एक ओळ. नणंदबाईंनी चार पदार्थ मागवले तर त्यांच्या चार ओळी. डोळ्यांना लांबलचक वाटेल, पण यातून पिव्होट टेबल (एक्सेल स्वतः काढून देतं तो गोषवाऱ्याचा तक्ता) काढलं की पदार्थवार, माणसावार, तारखेवार, हवं तसं वळवता येतं. मर्ज केलेले, म्हणजे एकत्र जोडलेले सेल सगळे सोडवा. आणि रंगात माहिती ठेवू नका: निरोप किंवा तक्ता मजकूर म्हणून चिकटवलात की रंग मागेच राहतो, एआयला पिवळं-गुलाबी दिसतच नाही. ‘पैसे’ असा रकाना करा, त्यात पूर्ण, अर्धे, बाकी असं लिहा. रंग हवेच असतील तर त्या शब्दांवरून कंडिशनल फॉरमॅटिंग लावा, ते कसं लावायचं ते एआय पायरी-पायरीने नीट सांगतो.

त्याला सांगायचं साधारण असं:

‘खाली ग्राहकांचे निरोप आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे. प्रत्येक निरोपातल्या प्रत्येक पदार्थाची वेगळी ओळ कर. रकाने: निरोप क्रमांक, पदार्थ, ग्रॅम, नग, मूळ शब्द. पाव म्हणजे २५० ग्रॅम, अर्धा ५००, पाऊण ७५०, सव्वा १२५०, दीड १५००, पावणेदोन १७५०, अडीच २५००. दोन पाव म्हणजे ५००. करंजी आणि अनारसे नगात, डझन म्हणजे १२. मूळ शब्द जसेच्या तसे ठेव. अर्थ नक्की लागत नसेल तर अंदाज करू नकोस, “विचारा” असं लिही. बेरीज करू नकोस. आकडे इंग्रजी अंकांत दे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम. मराठी अंकांत आलेला तक्ता मी एकदा चिकटवला, तर एक्सेलने सगळे आकडे मजकूर म्हणून घेतले आणि बेरीज शून्य. आणि नऊ पदार्थांची नावंही वर देऊन ठेवा, नाहीतर ‘सगळं अर्धा अर्धा’ म्हणजे किती पदार्थ हे त्याला कुठून कळणार.

वाकड आलं.

टिळक रोड, जिना चढून दुसरा मजला | २७ सप्टेंबर, दुपारी १२.०५

वही काढा ताई. आमच्या वडिलांनी ४० वर्षं किराणा केला, लाल कापडी बांधणीच्या वहीवर. उधारीचा एक पैसा चुकला नाही. जे काम पेन्सिलीने होतं त्याला वीज कशाला लागते?

चकलीचा सोऱ्या | २७ सप्टेंबर, दुपारी ४.३०

टिळक रोड, तुमच्या वडिलांच्या वहीला नमस्कार. माझीही वही आहे. पण गेल्या वर्षी १४० च्या वर गिऱ्हाइकं झाली आणि रात्री अकरा वाजता तेलकट बोटांनी पानं उलटताना ‘बेसन’ आणि ‘रवा’ यांची अदलाबदल झाली. वही चुकत नाही, वही लिहिणारी दमते.

फेज टू, अरे बाळा, तू सांगितलंस तसं केलं. पहिला २० चा गठ्ठा. ४५ हजारांची भानगड सापडली, पाचव्या ओळीत १/२ होतं, माझ्याच हातचं. भाच्याची माफी मागितली नाही, चकली दिली.

‘मूळ शब्द’ हा रकाना फार कामाचा. डावीकडे ‘पाऊण’, उजवीकडे ७५०, नजर नुसती फिरवली तरी पुरतं. रोमन लिपीतलं मराठी तो माझ्यापेक्षा चटकन वाचतो, हे मान्य करायला हवं. पण एक गंमत सांगते. ‘नेहमीचंच’ वाल्या बाईंपुढे त्याने ‘विचारा’ लिहिलं, शाबास. दुसऱ्या एकाने मात्र ‘गेल्या वर्षीइतकंच’ असं लिहिलं होतं, तिथे साहेबांनी नऊच्या नऊ पदार्थ एकेक किलो लावून दिले! मूळ शब्दांच्या रकान्यात नऊ वेळा ‘गेल्या वर्षीइतकंच’. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तर लगेच माफी, आणि आता प्रत्येकी अर्धा किलो. म्हणजे अंदाज करू नकोस म्हटलं की दुसरा अंदाज. आमच्या शाळेत असा एक शिपाई होता, ‘माहीत नाही’ हे शब्दच त्याच्या तोंडी नसत. सूचनेत आता वेगळी ओळ घातलीय: ‘गेल्या वर्षीचा, नेहमीचा, मनाने असा उल्लेख आला की पदार्थ भरू नकोस.’

दुसरं, मी त्याला ‘एकच माणूस दोनदा आला असेल तर काढ’ असंही सांगितलं होतं, कारण लोक विसरून दोनदा पाठवतात. त्याने एक देशपांडे काढून टाकली. एकच आडनाव, एकच इमारत, एकच फ्लॅट. पण त्या सासू आणि सून आहेत, दोघी वेगवेगळा फराळ घेतात आणि एकमेकींना सांगत नाहीत. हे एआयला कळणार नाही, आणि कळू नये हेच बरं.

पाषाण, सूक्ष्मदर्शकाखाली | २७ सप्टेंबर, रात्री ९.२०

१/२ ची तारीख झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या पंगतीला जगभरचे शास्त्रज्ञ आहेत. मी जीवशास्त्रात आहे. आमच्याकडे काही जनुकांची नावं ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या बिनदिक्कत तारखा करत असे. इतक्या शोधनिबंधांच्या तक्त्यांत हा घोळ शिरला की शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल तेव्हा जागचं हललं नाही, माणसाचे जनुक हलले. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जुन्या प्रकारच्या एक्सेल फाईलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत म्हणून कोविडचे जवळजवळ १६,००० रुग्ण मोजणीतून तात्पुरते गळले होते. तुमच्या नणंदेसारखे.

एक सावधगिरी. तुम्ही उभ्या-आडव्या बेरजेवर चूक पकडलीत, कारण तेव्हा दोन्ही बेरजा एआयने ‘लिहिल्या’ होत्या. पिव्होट टेबलमध्ये उभी आणि आडवी कायम जुळणार. दोन्ही एकाच ओळींवरून निघतात, ओळ मुळातच गळली असेल तर दोन्हीकडे गळेल आणि बेरीज तुमच्याकडे बघून हसेल. पडताळा बाहेरचा हवा. एक पदार्थ निवडा आणि तेवढाच स्वतः निरोपांवरून मोजा.

दुसरं: निरोप चिकटवताना नावं, फोन नंबर, पत्ते कशाला देता? तक्ता करायला क्रमांक पुरतो. कोणता क्रमांक कोणाचा ती यादी तुमच्या शीटच्या दुसऱ्या पानावर ठेवा आणि लुकअपने (क्रमांकावरून नाव शोधून आणणाऱ्या एक्सेलच्या सूत्राने) जोडा. २०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा मंजूर झाला. तो मोठ्या कंपन्यांसाठी असतो असं म्हणून सोडून देऊ नका. ‘ह्यांना साखर निघालीय’ हे त्या बाईंनी तुम्हाला सांगितलंय, परदेशातल्या सर्व्हरला नाही. बहुतेक एआयच्या सेटिंगमध्ये आपलं बोलणं प्रशिक्षणासाठी वापरू नका असाही पर्याय असतो, तो बंद करून ठेवा.

फेज टू | २८ सप्टेंबर, सकाळी ८.२०

पडताळ्याचा मुद्दा एकदम बरोबर, माझ्याकडून राहिला. पण शेवटचं वाक्य उलटं झालंय: बंद करायचंय ते प्रशिक्षणासाठीचं बटण, तो पर्याय नव्हे. नाहीतर काकू बरोबर उलटं करतील.

पाषाण, सूक्ष्मदर्शकाखाली | २८ सप्टेंबर, सकाळी ८.५०

कबूल. रात्री नऊनंतर माझंही ‘फॉरमॅटिंग’ बिघडतं.

चकलीचा सोऱ्या | २५ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

भाऊबीज परवा झाली, काल दिवसभर झोपले, आज लिहायला बसले. तुम्ही एवढं लिहिलंत तर पुढे काय झालं ते सांगायला हवं.

एकूण १४७ ऑर्डरी, ५९४ ओळी. पाषाणकडच्या सल्ल्याने नावं काढली, नुसते क्रमांक दिले. पडताळ्यासाठी चकली निवडली, कारण सगळ्यात जास्त तीच आणि चुकली तर भाजणी नव्याने भाजायची म्हणजे दोन दिवस. निरोप वाचता वाचता कागदावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या रेघा मारत गेले, चार उभ्या आणि पाचवी आडवी. शाळेत पटनोंदणीला मारायचो तशाच. पाव आला तर अर्धी रेघ. सहाव्या गठ्ठ्यापर्यंत तंतोतंत. सातव्यात माझी एक रेघ जास्त. शोधलं तर ‘चकली अर्धा, नाही नाही थांबा एक’ असा निरोप होता, एआयने अर्धाच धरला. बोलल्यासारखं लिहितात लोक. त्याला म्हटलं, निरोपात दुरुस्ती असेल तर शेवटचं धर. पुढे असे आणखी तीन आले, ते बरोबर पकडले.

‘विचारा’ किती निघाले? २३. एका दुपारी बसून सगळ्यांना फोन केले. खरं सांगू, ती दुपार वाया गेली नाही. गेल्या वर्षी हे २३ घोळ चिवडा बांधताना निघाले होते.

ग्रॅमचा आणखी एक फायदा मला सुरुवातीला कळला नव्हता. चकलीचे एकूण ग्रॅम मिळाल्यावर शेजारच्या रकान्यात भाजणी काढता आली. माझ्या हाताने किलोभर भाजणीच्या सव्वा किलो चकल्या होतात, तुमच्या हाताने वेगळ्या होतील. ते सूत्र एआयने लिहून दिलं, पण सव्वा माझा. मग त्याच धर्तीवर बेसन, तूप, पिठीसाखर, पातळ पोहे. मार्केट यार्डात एकच खेप झाली. गेल्या वर्षी तीन झाल्या होत्या, आणि तिसरी वसुबारसेला, रिक्षा मिळेना.

फसगत झाली ती पोचवण्याच्या यादीत. म्हटलं, भागांप्रमाणे लाव. त्याने लावलं अक्षरक्रमाने: औंध, कर्वेनगर, कात्रज, कोथरूड, धनकवडी, बाणेर, वारजे. पोचवणाऱ्या मुलाने यादी बघितली आणि विचारलं, ‘काकू, औंधवरून येऊन कात्रजला जाऊ आणि परत बाणेरला?’ मग पिनकोडचा रकाना केला, ४११०३८ आमचं कोथरूड, ४११०५२ कर्वेनगर, ४११०३० सदाशिव पेठ. त्यानेही पूर्ण भागलं नाही, कारण पिनकोडचे आकडे रस्त्याच्या क्रमाने थोडेच असतात. शेवटी त्या मुलालाच बसवलं आणि ‘फेरी’ असा रकाना त्याच्याकडून भरून घेतला: १, २, ३. दहा मिनिटं लागली त्याला. कुठल्या पुलावर कधी कोंडी होते ते त्याला पाठ आहे.

दिसण्याचं म्हणाल तर एआयने पट्ट्यांचा रंग, वरची ओळ जागेवर धरून ठेवणं, छापताना प्रत्येक पानावर मथळा येणं, हे सगळं कुठे दाबायचं ते नीट सांगितलं. भाच्याची गरज लागली नाही. त्याला जरा वाईट वाटलंय.

चुका शून्य नाहीत. एक किलो शेव उरली. शोधून काढलं, तर ती चूक एआयची नव्हती, एक्सेलची नव्हती. मी हाताने टाकलेल्या ओळीत ५०० च्या जागी १५०० झालं होतं. शेव संपली, घरातल्यांनीच संपवली.

टिळक रोड, वही अजून चालू आहे. तिच्यात यंदा फक्त रेघा आहेत.

आणि पुढच्या वर्षासाठी शीटमध्ये एक नवं पान काढलंय: ‘नेहमीचंच’ म्हणणाऱ्या १७ जणांचं नेहमीचं म्हणजे नक्की काय. जुन्या दोन वह्या काढून, यंदाचं धरून, तीन वर्षांचं भरलं. त्यातल्या सहा जणांनी तिन्ही वर्षी वेगवेगळंच नेलंय.